नागपूरचे अधिवेशन: किती दिवसांचे आणि कुणासाठी?



कपाशीचा पहिला वेचा घरी येतो, दुसरा येतो, खासगी व्यापाऱ्याचा काटा सुरू होतो, आणि नेमके तेव्हाच नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. हे अधिवेशन कुणी मेहरबानी म्हणून दिलेले नाही. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात लिहिले आहे की, वर्षातला ठरावीक काळ सरकार नागपूरला हलेल आणि निदान एक अधिवेशन तिथे होईल. किती दिवसांचे, ते मात्र लिहिले नाही. पुढाऱ्यांनी सगळा खेळ त्याच फटीतून केला.

असा करार का लागला, हे नव्या पोरांना सांगितले पाहिजे. तेव्हा नागपूर स्वतःच राजधानी होती. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कायदेमंडळ 1914 पासून तिथेच बसत होते. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, म्हणून 1919 च्या कायद्याखाली वऱ्हाडात निवडणूक व्हायची आणि निवडून आलेल्याला गव्हर्नर पुन्हा ‘नेमायचा’. मत रयतेचे, नेमणूक साहेबाची! आणि रयत म्हणजे तरी कोण? बऱ्यापैकी सारा भरणारा, मालगुजार, वकील. ज्याच्याकडे दोन एकर पऱ्हाटी त्याला मत नव्हते, सालदाराला नव्हते, बाईला तर नव्हतेच म्हटले तरी चालेल. तेव्हा त्या सभागृहाचे गोडवे आम्ही गाणार नाही.

तरी त्या तोकड्या सभागृहाने काय केले ते ऐका. 1923 च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाचे लोक बहुमताने आले आणि 1924 मध्ये त्यांनी मंत्र्यांचे पगारच नामंजूर केले. सरकारची थैली कुठून बांधायची हे त्यांना कळत होते. पुढे मंदी आली, कापसाचा भाव कोसळला, सावकाराचे व्याज मात्र चढतच राहिले. त्या वेळी डॉ. पंजाबराव देशमुख मंत्री होते. त्यांनी कर्ज लवादाचा विषय लावून धरला आणि 1933 मध्ये नागपूरच्या त्या सभागृहातून कर्ज तडजोडीचा कायदा निघाला. देशात असा कायदा करणारा हा पहिला प्रांत. मंडळापुढे सावकार आणि कुणबी दोघांनी बसायचे, हिशेब मांडायचा, रक्कम ठरवायची, हप्ते पाडायचे. तडजोडीचाच कायदा, त्याच्या मर्यादा होत्या. पण सावकाराची वही पहिल्यांदा चव्हाट्यावर आली, हे काही थोडे नाही.

1937 मध्ये 112 सदस्यांची विधानसभा आली. प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाल्यावर 1952 मध्ये, सगळ्या प्रौढांच्या मतांवर, 232 सदस्यांची. मधल्या काळात 1950 चा मालगुजारी संपवणारा कायदा याच सभागृहाने केला. मालगुजार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि 1952 मध्ये हरले. त्याही सभागृहात हिंदी जिल्ह्यांचे पारडे जड होते, आपले मराठी जिल्हे आठच, ही कुरकुर तेव्हाही होतीच. 1 नोव्हेंबर 1956 ला हे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, 1960 मध्ये महाराष्ट्रात आले. राजधानी गेली आणि हाती उरले ते करारातले एक अधिवेशन.

आज 288 आमदारांत विदर्भाचे 62. मतदारसंघांची फेररचना होण्याआधी, 2004 पर्यंत, 66 होते. चार गेले, बोंब कुणी मारली? 2020 आणि 2021 मध्ये नागपूरला अधिवेशन झालेच नाही. आणि 2024 चे आठवा. 16 ते 21 डिसेंबर, सहा दिवस. आदल्या दिवशी नागपुरातच 39 मंत्र्यांनी शपथ घेतली. खातेवाटप झाले 21 तारखेला, अधिवेशन गुंडाळल्यावर! लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा 7,521 रुपये होता आणि व्यापारी त्याच्या खाली मागत होता, हे कुणाला विचारायचे? ज्याला खातेच नाही त्या मंत्र्याला? संकरित ज्वारीचा हमीभाव 3,371 होता. सरकारी काटा कुठे, कधी लागणार, हा प्रश्न कोणाच्या टेबलावर ठेवायचा? 1924 च्या सदस्यांनी अशा मंत्र्यांच्या पगाराचे काय केले असते, ते वर सांगितलेच आहे.

अधिवेशनाच्या दारात आपली माणसे कशी मोजली जातात तेही विसरू नका. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी बांधव मोर्चा घेऊन आले. 114 जण चेंगरून मेले, त्यात बाया आणि लेकरे जास्त. आत सभागृह होते, बाहेर कठडे होते.

आमचे मागणे साधे आहे. नागपूरचे अधिवेशन निदान महिनाभर चालावे, आणि त्याचे पहिले दोन दिवस कापूस-ज्वारीच्या खरेदीला द्यावेत. हुरडा पार्ट्या मागाहून होऊ देत. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या आमदाराचे नाव आणि चार गोष्टी लिहून आणाव्यात: गेल्या अधिवेशनात तो किती दिवस हजर होता, किती तारांकित प्रश्न दिले, त्यातले शेतमालाच्या भावाचे किती, उत्तर काय मिळाले. त्याच्याकडूनच मागून घ्या, लेखी. देत नसेल तर ‘दिले नाही’ असे लिहा. तक्ता बैठकीत सगळ्यांसमोर वाचला जाईल आणि आमदारालाही बोलावणे जाईल.