वेग वाढवायचा असेल, तर आधी कमी करा

गेल्या वर्षी चातुर्मास नुकताच सुरू झाला होता. सांगलीच्या आमराईत सकाळचे धावणे आटोपून मी बाकावर टेकलो होतो. तोच हळदीची अडत करणारा माझा एक तरुण स्नेही धापा टाकीत समोर येऊन उभा राहिला. वय 46, सदरा घामाने चिंब. मनगटावरचे घड्याळ माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "काका, चार महिने झाले, रोज जीव तोडून धावतो. पाच किलोमीटरला पहिल्या महिन्यात 41 मिनिटे लागत होती, आजही 41च लागतात. एवढे भांडवल घातले आणि एका पैचे व्याज नाही!"

मी विचारले, "रोज किती वेगाने धावतोस?"

"जमेल तितक्या."

"आणि विश्रांती कधी घेतोस?"

"विश्रांती कशाला? वेळ आहेच कुठे?"

त्याच्या अडचणीचे मूळ या दोन उत्तरांतच होते. वाचकबंधु-भगिनींनो, पेढीवर दिवसाचे दहा तास बसून काढणाऱ्या आपल्या समाजात आता चाळिशी-पन्नाशीत धावायला लागणारे अनेकजण दिसतात. पहिले दोन-तीन महिने उत्साहात जातात, मग वेग एका जागी अडतो आणि बहुतेकांचे बूट पुन्हा कपाटात जातात. म्हणून या वेळचे पान या एकाच प्रश्नासाठी ठेवले आहे.

हा अधिकार मी कोणत्या अनुभवावर सांगतो, तेही आधी नमूद करतो. मी धावू लागलो तेव्हा 55 वर्षांचा होतो आणि बँकेच्या सेवेत होतो. पाच किलोमीटरला तेव्हा मला 44 मिनिटे लागत. ती झटपट चाळिशीच्या आत आणण्याच्या ईर्ष्येने मी रोज पूर्ण जोर लावू लागलो. सहाव्या आठवड्यात पोटरीचा स्नायू दुखावला आणि पाच आठवडे घरात बसावे लागले. इतरांच्या कर्जप्रकरणांत परतफेडीची कुवत बारकाईने तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या पोटरीची कुवत तपासली नव्हती, ही गोष्ट मला बरेच दिवस बोचत राहिली.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. धावण्याचा वेग केवळ पायांच्या जोरावर ठरत नाही. हृदय एका ठोक्यात किती रक्त पुढे ढकलते, ते रक्त स्नायूंपर्यंत नेणाऱ्या केशवाहिन्या किती दाट आहेत आणि स्नायूंच्या पेशी त्यातील प्राणवायू किती कार्यक्षमतेने वापरतात, यांवर तो मुख्यतः अवलंबून असतो. या तिन्ही गोष्टी संथ, दीर्घ आणि नियमित धावण्याने सुधारतात. रोज धाप लागेपर्यंत धावणाऱ्याला पुरेसा वेळ धावताच येत नाही. त्याचा थकवा दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर ओढला जातो आणि ही सुधारणा खुंटते. दुसरे असे की, हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच नव्या श्रमाला सरावतात, परंतु स्नायूबंध, सांधे आणि हाडे यांना महिनोन्‌महिने लागतात. छाती 'धाव' म्हणते आणि टाच 'थांब' म्हणते, असा हा काळ असतो. मध्यम वयात टाचेचे ऐकावे.

या विचाराचा इतिहासही मनोरंजक आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंडचा आर्थर लिडियर्ड हा एका जोड्यांच्या कारखान्यात काम करणारा गृहस्थ. स्वतःला तंदुरुस्त समजत असता एका परिचिताबरोबर पाच मैल धावताना त्याची दमछाक झाली आणि त्याने पुढे अनेक वर्षे स्वतःवरच प्रयोग केले. आधी महिनोन्‌महिने बेताच्या वेगाने लांब पल्ल्याचे धावणे आणि त्या पायावर शेवटी वेगाचा सराव, अशी पद्धत त्याने बसवली. 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याचे शिष्य पीटर स्नेल यांनी 800 मीटरचे आणि मरे हॅलबर्ग यांनी 5000 मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले. 800 मीटरसारख्या वेगवान शर्यतीचा विजेतादेखील लांब पल्ल्याच्या धावण्यातून घडला, याचे जगाला नवल वाटले.

आपल्यासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. लिडियर्ड यांनी हीच पद्धत ऑकलंडमधील मध्यमवयीन, बैठे काम करणाऱ्या व्यावसायिकांना शिकवली. गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने धावायचे, हा तेथील नियम. 1962च्या अखेरीस अमेरिकेतील नामांकित प्रशिक्षक बिल बोवरमन तेथे पाहुणे म्हणून गेले. वय 51, धावपटू घडवण्यात हयात गेलेली, परंतु स्वतः धावण्याची सवय सुटलेली. त्या मंडळींबरोबर निघाले आणि मागे पडले. त्यांना सोबत करीत धीर देत राहिले ते सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले एक गृहस्थ! बोवरमन मायदेशी परतले ते हा धडा घेऊनच. पुढे एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने त्यांनी संथ धावण्यावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकाने अमेरिकेत असंख्य प्रौढांना घराबाहेर काढले.

आमराईतल्या त्या बाकावर मी माझ्या स्नेह्याला हे सारे सांगितले. तो ऐकत होता, पण त्याचे समाधान होत नव्हते. शेवटी तो हळूच म्हणाला, "काका, माझे वडील 49व्या वर्षी गेले. दुकानातच, गादीवर बसल्या बसल्या. मला तीन वर्षे उरली आहेत."

मग त्या घड्याळाचा अर्थ मला कळला. तो वेगासाठी धावत नव्हता, त्या आकड्यापासून पळत होता. मी त्याला इतकेच विचारले, "धावायला लागण्यापूर्वी हृदयाची तपासणी केलीस का?" त्याने मान हलवली. वडिलांचा असा इतिहास असलेला मुलगा चार महिने रोज छाती फुटेस्तोवर धावत होता आणि भीतीपोटी तपासणी मात्र टाळत होता.

म्हणून पहिला नियम हाच: चाळिशीनंतर धावायला लागताना, विशेषतः घराण्यात हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास, आधी डॉक्टरांकडे जावे. ते सांगतील त्या चाचण्या कराव्यात. आणि धावताना छातीत दडपण, हात किंवा जबडा भरून येणे, भोवळ, असे काही जाणवल्यास तत्क्षणी थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. ती पित्ताची तक्रार असेल, असे समजून घरी जाऊन पडू नये.

त्या आठवड्यात तो डॉक्टरांकडे गेला. हृदय ठीक होते, रक्तदाब मात्र वाढलेला निघाला आणि औषध सुरू झाले. त्यानंतर डॉक्टरांच्या संमतीने आम्ही पुढील क्रम आखला. इतरांनाही तो थोड्याफार फरकाने लागू पडावा.

पहिले आठ आठवडे आठवड्यातून चारच दिवस धावायचे, तेही संथ. संथ म्हणजे किती? सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. नाडीचा हिशेब हवा असल्यास 220मधून वय वजा करावे. 46व्या वर्षी 174 येतात, त्याच्या 65 ते 75 टक्के म्हणजे मिनिटाला साधारण 113 ते 130 ठोके. हा आडाखा ढोबळ आहे आणि रक्तदाबाच्या काही औषधांनी ठोके मुळातच कमी राहतात, म्हणून बोलण्याची कसोटी अधिक भरवशाची. माझ्या स्नेह्याचा किलोमीटरमागे 8 मिनिटे 12 सेकंदांचा वेग या कसोटीत साडेनऊ मिनिटांवर आला. त्याला लाज वाटली. चालणारे लोक मला मागे टाकतील, म्हणाला. टाकू देत, मी म्हणालो. अगदीच नवख्याने एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आलटून पालटून अर्धा तास करावे. त्यात कमीपणा नाही.

चार दिवसांपैकी एका दिवसाचे धावणे हळूहळू लांबवत न्यावे, परंतु आठवड्याचे एकूण अंतर एकदम वाढवू नये. दहा किलोमीटरांवरून अकरा, हे पाऊल पुरेसे आहे. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस पंधरा मिनिटे उठाबशा, पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा उचलणे आणि भिंतीच्या आधाराने जोर काढावेत. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि वेगही झिजतो. भगिनींना तर रजोनिवृत्तीनंतर हाडांची बळकटी टिकवण्यासाठीही हा व्यायाम उपयोगी आहे.

आठ आठवड्यांनंतर वेगाला हात घालावा, तोही आठवड्यातून एकदाच. प्रथम संथ धावण्याच्या शेवटी वीस वीस सेकंदांच्या चार-पाच भराऱ्या घ्याव्यात, मध्ये पूर्ण दम खावा. पावले लांब टाकण्याऐवजी छोटी आणि चपळ टाकावीत. लांब पावलाने टाच पुढे आदळते आणि गुडघ्यावर भार येतो. तीन आठवड्यांनी एक मिनिट वेगाने, दोन मिनिटे संथ, अशी सहा आवर्तने करावीत. त्यानंतर सलग दहा-पंधरा मिनिटे अशा वेगाने धावावे की, तोंडातून दोन-चार शब्दच निघतील. वेगाच्या दिवसानंतरचा दिवस विश्रांतीचा. आणि वेग मोजायचा तो सहा आठवड्यांतून एकदा, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी. रोज ताळेबंद काढणाऱ्या व्यापाऱ्याला धंदा करायला सवड उरत नाही.

आपल्या घरांतील नेम-नियमांविषयीही थोडे. नवकारसी करणाऱ्यांनी पहाटे उपाशीपोटी अर्धा-पाऊण तास संथ धावण्यास निरोगी माणसाला सहसा अडचण नसते. वेगाचा सराव मात्र पाणी व हलका आहार घेतल्यानंतर, दीड-दोन तासांनी करावा. चौविहार पाळणाऱ्यांनी संध्याकाळचे धावणे सूर्यास्ताच्या बरेच आधी संपवावे, म्हणजे नंतर पाणी आणि जेवण दोन्ही नीट होतात. दिवसभर पाणी पीत राहावे, सूर्यास्तापूर्वी एकदम पोटात ओतू नये. डाळी, मूग, दूध, दही यांनी स्नायूंची झीज भरून निघते, कंदमुळांवाचून काही अडत नाही. उपवासाच्या दिवशी धावू नये. मधुमेहावर औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास आणि धावणे या दोहोंविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

माझ्या स्नेह्याने पर्युषणाचा आठवडा धावणे पूर्ण बंद ठेवले. इतके दिवसांचे कमावलेले जाईल, अशी त्याला धास्ती होती. एका आठवड्याच्या विश्रांतीने काही बिघडत नाही, उलट पाय ताजे होतात. तसेच झाले. दिवाळीत वहीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ठरलेल्या रस्त्यावर पाच किलोमीटर धावलो. त्याला 37 मिनिटे लागली. चार महिने जोर लावून जे झाले नव्हते, ते चार महिने जोर आवरून झाले होते. एके काळी मी हे अंतर 33 मिनिटांत पार करीत असे, आता 66व्या वर्षी 38 लागतात. म्हणजे तो माझ्या पुढे गेला आणि मला त्याचा आनंद झाला.

रस्त्याच्या कडेला दम खाताना तो वेळेविषयी बोललाच नाही. रक्तदाब आटोक्यात आहे, रात्री झोप लागते, एवढेच त्याने सांगितले. 49चा उल्लेख त्याने केला नाही, मीही केला नाही.

परवा तो थोरल्या भावाला घेऊन आमराईत आला होता. भाऊ 51 वर्षांचे, पोट सुटलेले, पायात कोरे बूट आणि मनगटावर तसेच नवे घड्याळ. तपासणी करूनच आणले आहे, असे त्याने मला आधीच सांगून टाकले. मग भावाचे घड्याळ उतरवून स्वतःच्या खिशात ठेवले आणि म्हणाला, "दादा, आज फक्त बोलत बोलत यायचे."