एक महिना कादंबऱ्यांचा

पावसाळ्यातला एक अख्खा महिना मी फक्त कादंबऱ्या वाचल्या. परीक्षण लिहायचं नव्हतं, कुठे भाषण ठोकायचं नव्हतं. तुम्हीही वर्षातून एकदा असा महिना काढावा, ही विनंती.

‘यातून काय घ्यायचं?’ हा प्रश्न मात्र तेवढे दिवस गुंडाळून ठेवा. शाळेत उताऱ्याखाली लेखकाला काय सांगायचंय ते लिहावं लागायचं. ती खोड सहजासहजी जात नाही.

सुरुवात लहान पुस्तकानं करा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) दोन रात्रींत होते. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरगेलासा मास्तर येतो, शाळा भरवतो, लोकांना हाताशी धरून तालीम बांधतो, आणि मग दुष्काळ पडतो. गोष्ट एवढीच, पण सोडवत नाही.

मग उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) घ्या. यातली माणसं वऱ्हाडीत बोलतात. पुण्या-मुंबईकडचे वाचक तिथेच अडखळतात आणि पुस्तक मिटून ठेवतात. तसं करू नका. पहिले काही संवाद चक्क मोठ्यानं वाचा. घरातले हसले तर हसू द्या. एकदा कानाला तो हेल बसला की कादंबरीची नायिका कौतिक तुमच्याशीच बोलायला लागते. नवऱ्याचा आधार नाही, त्यात त्याला महारोग जडतो, पदरात पोरं. तरी ही बाई संसार ओढतच राहते. आनंदासाठी वाचायच्या पुस्तकांत ‘धग’ कशी, असं कुणी विचारेल. रात्रीचा एक वाजला तरी दिवा मालवावासा वाटत नाही, याला दुसरं काय म्हणायचं?

‘धग’नंतर लगेच दुसरं जड पुस्तक उचलू नका. मध्ये एखादी बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा जेवणातल्या लोणच्यासारखी चालते. त्यात लाज कसली? हजाराच्या वर रहस्यकथा लिहून या माणसानं कित्येक घरांत वाचायची गोडी लावली. आम्हा टीकाकारांना तेवढं जमलेलं नाही.

एखादी कादंबरी नाही रुचली तर पन्नास पानांवर सोडून द्या. माझ्याकडून या महिन्यात एक चांगली गाजलेली, बक्षिसं मिळालेली कादंबरी सुटली. नाव सांगत नाही, उगीच वाद नको.

वेळ नाही म्हणाल, तर हरिभाऊ आपट्यांचे वाचक आठवा. १८९० साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ हप्त्याहप्त्यानं आली. लोक पुढच्या अंकाची वाट बघत यमूची कहाणी वाचत होते. तुम्हीही तसंच हप्त्याहप्त्यानं वाचा; लोकलमध्ये वीस पानं रोज होतात. फोन पिशवीत तळाशी ठेवा, म्हणजे झालं.

महिना सरला की एका संध्याकाळी वही घेऊन बसा. पुस्तकं उघडायची नाहीत. प्रत्येकाबद्दल जे आठवेल ते दोन ओळींत लिहा. श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’मध्ये कशानंतर काय घडतं हे माझं आत्ताच गोंधळलंय, पण राधेसाठी अख्ख्या गारंबीला अंगावर घेणारा बापू, त्याची ती मग्रुरी, जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. तुमच्या वहीत दुसरंच कुणी येईल. तेच नाव धरून त्या लेखकाचं पुढचं पुस्तक निवडा. तज्ज्ञांच्या याद्यांपेक्षा ही वाट बरी.

मी त्याच वाटेनं पेंडशांच्याच ‘तुंबाडचे खोत’कडे वळलोय. दोन जाडजूड खंड, खोतांच्या पिढ्यानपिढ्या. वाचनालयातून आणणार असाल तर पहिला खंड घेण्याआधी दुसरा कपाटात आहे ना, तेवढं बघून घ्या. तो हमखास कुणीतरी नेऊन अडकवलेला असतो.