लाल पेल्यातले ‘औषध’

लाखांदूर तालुक्यातील दिघोरी हे धानाचे गाव. मार्च-एप्रिलमध्ये या भागात पहाटे मोहाखाली टोपल्या घेऊन बसलेली माणसे दिसतात. त्याच सुमारास नाशिककडे वाईनच्या द्राक्षांचा हंगाम संपत आलेला असतो. दोन्हीकडे गोड माल आंबवला जातो आणि त्याचे मद्य होते. पण एकाला शहरात ‘हृदयाला चांगली’ म्हणून मान मिळतो, तर दुसऱ्याला पोलिसांची धाड. हा ‘चांगली’चा शिक्का आता खेड्यापर्यंत पोहोचला आहे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूसही ‘रेड वाईन चालते ना?’ असे विचारतो, म्हणून तो शिक्का तपासायला हवा.

नाशिकच्या वाईनमागची मेहनत खरी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीचा हा प्रदेश सह्याद्रीच्या आडोशाला आहे. त्र्यंबकेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस निफाडकडे जाईपर्यंत बराच ओसरतो. काळ्या दगडापासून झालेल्या मुरमाड, उताराच्या जमिनीत पाणी साचत नाही. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. इथे तो झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा संपताना गोडी छाटणी, अशा वर्षातून दोनदा कात्री चालते आणि पीक एकच घेतात. द्राक्षे थंडीत पिकतात. रात्री गार असल्याने त्यांच्यातला आंबटपणा टिकतो. भंडाऱ्यात हे सहसा जमणार नाही. इथली जमीन पाणी धरून ठेवते, ते धानाला मानवते, द्राक्षवेलीला नाही.

लाल रंगाचे गुपित सालीत आहे. पांढऱ्या वाईनसाठी रस आधीच पिळून वेगळा काढतात. लाल वाईनसाठी काळी द्राक्षे सालीसकट आंबवतात. त्यामुळे रंग, तुरटपणा आणि रेस्व्हेराट्रोल नावाचे द्रव्य वाईनमध्ये उतरते. औषधाची सगळी कहाणी या द्रव्यावर उभी आहे. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी का, हा प्रश्न १९९०च्या सुमारास गाजला आणि उत्तर म्हणून रेड वाईनकडे बोट दाखवले गेले. पण रेस्व्हेराट्रोल एका लिटरमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असते. प्रयोगांत ते शेकडो मिलिग्रॅम देतात. शिवाय जुन्या पाहण्यांत ‘न पिणाऱ्यां’च्या यादीत आजारपणामुळे दारू सोडलेलेही धरले गेले. साहजिकच थोडी पिणारे त्यांच्यापेक्षा ठणठणीत दिसले!

उलट बाजू मात्र पक्की आहे. मद्य कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८मध्येच नोंदवले. आरोग्याला निर्धोक म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केले. हिशेबही सोपा आहे. १५० मिलिलिटर वाईनमध्ये साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटर पेगमध्ये सुमारे १०. म्हणजे ‘सौम्य’ म्हटला जाणारा पेला पेगच्या दीडपट.

२००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाईनला करसवलत दिली. शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळावा, या हेतूत वावगे काही नाही. पण जानेवारी २०२२मध्ये वाईन सुपरमार्केटमध्ये विकण्याचा निर्णय झाला, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असे छातीठोकपणे सांगितले गेले. ती शेतीची बाजू नव्हती, तो आरोग्याचा खोटा दाखला होता. द्राक्षाचे अल्कोहोल आणि मोहाचे अल्कोहोल यकृताला वेगळे ओळखता येत नाही. मोहाच्या दारूचा धोका आणखी एका कारणाने मोठा: भट्टीतून उतरणाऱ्या धारेत अल्कोहोल किती, हे पिणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे आणि ती मिळवण्यासाठी बायकाच पुढे होत्या. घरात दारू काय करते, हे त्यांना कोणत्या पाहणीतून कळायचे नव्हते.

नाशिकची वाईन आवडत असेल, तर ती आवडते म्हणावे. हृदयाचे नाव पुढे करू नये. सालीतल्या रंगद्रव्यांचीच हौस असेल तर काळी द्राक्षे सालीसकट खावीत. जूनमध्ये दिघोरीच्या बाजारात जांभळे येतात, त्यांच्यातही तीच जातकुळी आहे. आणि सुक्या मोहफुलात निम्म्याहून अधिक साखर असते. ती भाजून, कुटून खाणारी घरे या भागात अजून आहेत.