परसातील चार हात माती

या स्मरणिकेत प्रतिवर्षी व्यापारधंद्यातील अडचणी, करपद्धतीतील फेरफार, बाजार समित्यांचे नियम आणि समाजाच्या शिक्षणसंस्था यांविषयी जाणत्या मंडळींचे लेख येत असतात, आणि ते यावेतही. अशा पंक्तीत घरच्या परसातील चार कुंड्यांचा विषय घेऊन बसणे काही बंधूंस पोरकट वाटेल. तथापि, आडत दुकानाच्या गादीवर तीन तपे काढल्यानंतर आमचे असे मत झाले आहे की, आपल्या घरांतून नाहीशा होत चाललेल्या मोकळ्या मातीचा प्रश्न हा आपल्या प्रकृतीचा, घरातील सौख्याचा आणि काही अंशी व्यवहारातील समतोलाचाही प्रश्न आहे. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

आमचे मूळ घर दुबलगुंडीचे. तालुका हुमनाबाद, जिल्हा बीदर. आमच्या वडीलमंडळींनी निजामी राजवट पाहिली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी गाव म्हैसूर राज्यात गेलेले पाहिले आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झालेलेही पाहिले. घरात मराठी, बाजारात कानडी आणि जुन्या दस्तऐवजांत उर्दू असा आमचा व्यवहार. घराची रचना आपल्या भागातील कोणत्याही व्यापारी घरासारखीच होती. रस्त्याच्या अंगाला दुकान, मग ढाळज, आत चौक, वर माळवद आणि मागे परस. परसात आड, आडाच्या कडेला सांडपाण्यावर वाढलेली अळूची पाने, एक लिंबोणी, एक पारिजातक, कढीपत्ता, जास्वंद आणि भिंतीवर चढलेला मोगरा. शेजारच्या कानडी घरांतील बायका मोगऱ्यास ‘मल्लिगे’, जास्वंदीस ‘दासवाळ’ व कढीपत्त्यास ‘करिबेवु’ म्हणत. आणि रोपांची देवघेव करताना भाषेची अडचण कोणासही पडत नसे. आमची आजी सकाळी पारिजातकाखाली धुतलेले लुगडे अंथरून पडलेली फुले वेची. झाडावरचे फूल ओरबाडू देत नसे.

हा परस आम्हीच बुजविला, हे येथे कबूल केले पाहिजे. २०१५ साली तुरीच्या डाळीने किरकोळ बाजारात किलोस दोनशे रुपयांच्या आसपास मजल मारली, हे आपणांस स्मरत असेलच. माल साठवावयास जागा अपुरी पडू लागली. आम्ही लिंबोणी व पारिजातक तोडविला, आडावर लादी टाकली, साऱ्या परसात शहाबादी फरशी बसविली आणि वर पत्र्याची शेड उभारून गोदाम केले. शहाबाद आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यातील. फरशी स्वस्त, टिकाऊ, धुण्यास सोयीची. व्यवहाराच्या दृष्टीने निर्णय चोख वाटला. मातोश्री त्या दिवशी माजघरातून बाहेर आल्या नाहीत, एवढे मात्र आमच्या ध्यानात राहिले.

पुढील वर्षी पीक विक्रमी आले आणि भाव कोसळले. २०१६-१७ च्या हंगामासाठी सरकारने ठरविलेला क्विंटलमागे ५,०५० रुपयांचा आधारभावही अनेक बाजारांत मिळेना. चढ्या दराने भरलेला आमचा माल त्याच नव्या गोदामात पडून राहिला. त्या उन्हाळ्यात आमची झोप उडाली. दिवसभर तापलेली फरशी रात्री उशिरापर्यंत धग सोडीत राही. माळवदावर अंथरूण टाकले तरी खालून वाफ येई. उशाशी मोबाइल, त्यावर मध्यरात्रीही बाजारभावाचे निरोप. हमालांवर, दिवाणजींवर, मुलांवर विनाकारण आवाज चढू लागला. घाबरून एकदा फार लवकर विकले आणि दुसऱ्यांदा हट्टाने फार उशिरा. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा महागात पडली. या साऱ्यास परस कारण होता, असे आमचे म्हणणे नाही. परंतु दिवसातून दोन घटका जेथे मन उतरवून ठेवावे, अशी जागा त्या घरात उरली नव्हती, हे खरे.

याच सुमारास आमच्या सौ.ंनी गोडेतेलाचे तीन रिकामे डबे घेतले, त्यांच्या तळाला खिळ्याने भोके पाडली आणि त्यांत दुकानाची झाडलोट, थोडे शेणखत व शेतातील माती भरून मेथी, अंबाडी व मोगऱ्याची एक फांदी लावली. आम्ही त्यांस हसलो. पुढे कन्येच्या बाळंतपणासाठी त्या दोन महिने सोलापुरास गेल्या व जाताना एवढेच म्हणाल्या, “मी परत येईन तेव्हा ही रोपं जिवंत दिसली पाहिजेत.” हिशेबात कसूर चालत नाही, तशी या सोपविलेल्या कामातही चालेना. पहाटे उठून, दुकानाच्या किल्ल्या हाती घेण्यापूर्वी, आम्ही त्या डब्यांपाशी जाऊ लागलो. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी घालावे, पिवळे पान काढावे, मातीला बोट लावून ओल पाहावी. प्रारंभी पाच मिनिटे, पुढे अर्धा तास. तोवर मोबाइल आत राही. मेथी चार-पाच दिवसांत वर आली. मोगऱ्याच्या फांदीने मात्र पहिली पालवी धरण्यास पाच आठवडे घेतले, आणि त्या काळात आमच्या हाती वाट पाहण्यावाचून काहीही नव्हते. व्यापाऱ्यास वाट पाहणे ठाऊक असते. पण ती भावाची वाट असते व तीत मन जळते. ही वाट निराळी होती.

बुडालेला पैसा बागेने परत दिला नाही. तो फेडावयास आम्हांस तीन वर्षे लागली. परंतु पहाटेचा तो अर्धा तास सुरू झाल्यापासून गादीवर बसताना मन स्वस्थ असे. सौदा ऐकून लगेच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची घाई कमी झाली. आणि आपल्या रागाचे कारण समोरच्या हमालात नाही, हे वेळीच उमगू लागले. एवढा लाभही थोडा नव्हे.

ही केवळ आमच्या मनाची समजूत नाही. रॉजर उल्रिच नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निरीक्षण प्रसिद्ध केले. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत, तर निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे पाहणारे रुग्ण सरासरीने सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले व त्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली. नुसत्या पाहण्याचा हा परिणाम. मग स्वहस्ते लावलेल्या रोपाचा गुण मनास येत असल्यास आश्चर्य ते काय!

आपल्या भागास तर ही जाण फार प्राचीन आहे. हुमनाबादेपासून जवळच असलेल्या कल्याणनगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास (इ. स. ११२९) जो संस्कृत ग्रंथ रचिला, त्याचे नावच ‘मानसोल्लास’. राज्यकारभार, वैद्यक, पाकक्रिया, संगीत यांबरोबरच उपवने व वनक्रीडा हेही विषय त्याने त्यात घेतले. राज्याचा भार वाहणाऱ्यास मनाच्या उल्हासाची गरज असते, हे त्या राजाने ओळखले होते. बीदरच्या किल्ल्यात सोळाखांबी मशिदीसमोर आजही लालबाग आहे. आणि बहामनी काळात बीदरपाशी जमिनीच्या पोटातून पाणी वाहून आणणारे ‘कारेज’ खोदले गेले, तेही पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या या पठारावरच.

आता कोणी म्हणेल की, शहरात राहणाऱ्यांनी काय करावे? आपल्यापैकी अनेक कुटुंबे कलबुर्गी, सोलापूर, लातूर, हैदराबाद, पुणे येथे स्थायिक झाली आहेत व पुष्कळांच्या वाट्याला दोन खोल्या आणि एक सज्जा आला आहे. त्यांनी मुंबईचे उदाहरण पाहावे. तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे ३,००० कामगारांचे अन्न शिजे. तेथील कचऱ्याची विल्हेवाट कशी लावावी, या विचारातून २००२ च्या सुमारास श्रीमती प्रीती पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच इमारतीच्या गच्चीवर फळझाडे व भाजीपाला वाढविला. त्यांच्यापुढे आदर्श होता कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोलकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’चा. घरातील काडीकचरा कुजवून त्याची सुपीक माती करता येते आणि थोड्या जागेतही कुटुंबापुरते पिकविता येते, हे त्यांनी सामान्य माणसास शिकविले.

या कामी आम्हां धान्य-व्यापाऱ्यांइतकी अनुकूलता दुसऱ्या कोणास नाही. कलबुर्गीची तूरडाळ २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळवून देशभर नावाजली गेली. त्या डाळीच्या गिरण्यांतून निघणारी टरफले, चाळणीखालचा चुरा, फाटके बारदान, रिकामे डबे हे सारे आपल्या दारात आहे. गुरांच्या उपयोगी पडते ते गुरांस द्यावे. जे मातीमोल म्हणून झाडून टाकले जाते, ते तीन वाटे आणि स्वयंपाकघरातील देठ-साली एक वाटा असे थर डब्यात भरावे, मूठभर जुनी माती टाकावी, ओल राखावी. तीन-चार महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होते. आमचे दिवाणजी थट्टेने म्हणतात की, शेटजींच्या खतावणीत आता खतही जमा होऊ लागले!

आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप पाण्याचा. आपला मुलूख दुष्काळी आहे, हे खरे. परंतु सहा डब्यांस धान्य व भाजी धुतलेले पाणी पुरते, आणि वरून पालापाचोळा पसरला तर तेही उरते. दुसरा आक्षेप छताचा. ओल्या मातीचा एक घनफूट पन्नास किलोच्या आसपास भरतो, म्हणून नुसत्या मातीने डबे भरू नयेत. निम्म्याहून अधिक भाग कुजलेल्या भुशाचा ठेवावा, डबे भिंतीच्या वा तुळईच्या अंगाने मांडावेत व जुन्या माळवदावर ते चढवूच नयेत. तिसरा आक्षेप जीवदयेचा, आणि तो आपल्या घरांत आदरानेच ऐकला पाहिजे. वनस्पतीस आपण एकेंद्रिय जीव मानतो. मातीत हात घातला की सूक्ष्म जीवांस इजा होते, असे म्हणणाऱ्या व्रतस्थांस आम्ही आग्रह करणार नाही. परंतु गृहस्थाने एवढे ध्यानात घ्यावे की, फरशीखाली गाडलेल्या परसात आम्ही जितके जीव संपविले, तितके आजीच्या बागेत शंभर वर्षांतही संपले नसते. माती उगीच उकरू नये, विषारी फवारा घरात आणू नये, पाणी साचू देऊ नये, पडलेले फूल वेचावे, पिकलेले पान तोडावे. एवढे पथ्य पाळले तर बाग ही दयेचीच शाळा होते, असे आमचे नम्र मत आहे.

चौथा आक्षेप वेळेचा. त्यास उत्तर द्यावयाचे कारण नाही. रात्री अंथरुणावर मोबाइल चाळण्यात जाणारा वेळ प्रत्येकाने आपल्या मनाशी मोजून पाहावा.

संघापुढे आम्ही तीन सूचना ठेवितो. एक, ज्यांची जुनी घरे आहेत त्यांनी नवे बांधकाम करताना निदान चार हात माती उघडी राखावी. सारा परस फरशीखाली घालू नये. दोन, दुकानांची व गिरण्यांची सुकी झाडलोट जाळण्याऐवजी संघाने एकत्र कुजवून, तयार खत पावसाळ्यापूर्वी सभासद कुटुंबांस वाटावे. तीन, बागेचे काम गड्यावर सोपवू नये. गड्याने वाढविलेली बाग दारास शोभा देईल, मालकाच्या मनास विसावा देणार नाही. मुलांनाही एकेक डबा स्वतंत्र द्यावा. वाळला तर वाळू द्यावा आणि पुन्हा लावावयास लावावे.

गेल्या सात वर्षांत आम्ही गोदामाच्या मागील भिंतीलगतच्या फरशीच्या दोन ओळी उखडून काढल्या व तेवढ्यावरचा पत्राही उतरविला. खालची माती दगडासारखी घट्ट झाली होती. पहिल्या पावसात तिच्यात पाणी मुरेना. दोन वर्षे तीत केवळ भुसा व पालापाचोळा कुजविला, तेव्हा ती सैल झाली. आता तेथे पारिजातक डोक्याइतका वाढला आहे. तो फुलू लागला त्या वर्षी मातोश्रींस दिसत नव्हते, पण सकाळी ओंजळभर फुले त्यांच्या हाती दिली, तेव्हा त्यांनी ती ओळखली आणि विचारले, “परस उघडा केलास का रे?” आम्ही ‘हो’ म्हटले. त्यांनी आणखी काही विचारले नाही, आणि तोडलेल्या जुन्या झाडाचा उल्लेखही केला नाही.

मृगाच्या सुमारास जे बंधू-भगिनी आमच्याकडे येतील, त्यांस मोगऱ्याची फांदी व डबाभर खत विनामूल्य मिळेल. डबा मात्र ज्याचा त्याने आणावा.