कानाला खडा

पाडव्याला ज्या घरात भांडण होते त्या घरात ते वर्षभर पुरते, अशी आमच्या आजीची ठाम समजूत होती. २०२१ सालच्या पाडव्याला आमच्या अण्णांच्या दिवाणखान्यात भांडण झाले. निमित्त पाहाल तर स्वीडन देशातली चार वृद्ध माणसे!

अण्णा हे माझे थोरले चुलतभाऊ, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. आम्ही सारे एका वाड्यात राहत होतो तेव्हा माडीवरची खोली त्यांची होती आणि त्या खोलीत एक टेपरेकॉर्डर होता. त्यावर सकाळ-संध्याकाळ ॲबाच्या कॅसेटी लागत. आग्नेथा, ब्योर्न, बेनी आणि आनी-फ्रीड या चौघांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून हे नाव झालेले. त्याच नावाची मासे डबाबंद करणारी एक पेढी स्वीडनमध्ये आधीपासून होती. तिची रीतसर संमती त्यांना घ्यावी लागली होती. आमच्या आजीला यातले काही ठाऊक नव्हते. तिला 'आबा' ऐकू येई. "अरे, त्या आबाला जरा हळू गायला सांग, माझा जप चुकतो," असे ती खालून ओरडे. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. जिन्यात बसून मी ती गाणी ऐकली. शब्द एकही कळत नव्हता, पण दोन बायकांचे आवाज एकमेकांत मिसळून असे काही झळाळत येत की जिन्यातला अंधार हलल्यासारखा वाटे.

माडीवर अण्णांच्या जोडीला नेहमी नाना असत. दोघे वर्गमित्र. कॅसेट विकत घ्यायची अण्णांनी, आणि तिच्यावरची गाणी शब्द न् शब्द ऐकून वहीत उतरायची नानांनी. १९७४ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडातल्या ब्रायटन गावी 'वॉटर्लू' गाऊन या मंडळींनी युरोपची गीतस्पर्धा जिंकली, तिथपासूनचा सारा इतिहास दोघांना तोंडपाठ. पुढे ती दोन्ही जोडपी मोडली. आपल्या मोडलेल्या संसाराच्या पार्श्वभूमीवर ब्योर्नने १९८० साली 'द विनर टेक्स इट ऑल' लिहिले आणि ते गायला दिले ते आग्नेथाला, म्हणजे जिच्याशी काडीमोड झाला तिलाच! १९८१ च्या नोव्हेंबरात 'द व्हिजिटर्स' हा अल्बम निघाला आणि मग सारे थंडावले. अण्णांची नोकरी, नानांची बँक, दोघांची लग्ने, मुले, बदल्या, निवृत्ती. एवढे सगळे होईपर्यंत ॲबाचा नवा अल्बम नाही. दर रविवारी सकाळी नाना अण्णांकडे चहाला येत, तेवढे मात्र कधी चुकले नाही.

आणि चाळीस वर्षांनी, २०२१ च्या ५ नोव्हेंबरला, नेमक्या आमच्या पाडव्याला, 'व्हॉयेज' आला. दहा गाणी. भाच्याने आपल्या फोनवरून स्पीकर जोडून दिला, वहिनींनी चिवडा आणि अनारसे पुढे ठेवले आणि बैठक सुरू झाली. पहिले गाणे संपायच्या आधीच अण्णांच्या कपाळावर आठी दिसली. "आवाज उतरलाय," ते म्हणाले. दुसऱ्याला म्हणाले, "पट्टी खाली आणलीय." नाताळचे गाणे लागले तेव्हा त्यांनी अनारसा खाली ठेवला. पुढे पुढे तर निम्म्यावरच "पुढचं लाव" असा हुकूम सुटू लागला. नाना मात्र डोळे मिटून होते, आणि मधूनच मान डोलावीत होते.

अण्णांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आग्नेथा तेव्हा ७१ वर्षांची होती, आनी-फ्रीड पंच्याहत्तरीची. जुन्या गाण्यांत त्यांचे सूर ज्या उंचीवर सहज जात, तिथे आता त्या गेल्या नाहीत. शिवाय 'जस्ट अ नोशन' या गाण्यातले आवाज १९७८ साली ध्वनिमुद्रित करून ठेवलेले. वाद्ये तेवढी नवी. ते लागले तेव्हा अण्णा उसळले. "हे बघ! हा ॲबा! बाकीचं सगळं बेचाळीसाव्या लग्नाच्या वाढदिवसाला नेसलेलं पैठणीचं फडकं!" वहिनींनी या उपमेकडे कानाडोळा केला.

"मला आवडला," नाना म्हणाले. "जुन्याच्या तोडीचा आहे. शब्द तर आधीच्याहून बरे."

"शब्द? तुला कधीपासून ऐकू यायला लागले शब्द?" आणि मग अण्णा जे बोलले ते बोलायला नको होते. "तुझं ते यंत्राचं ऐकणं रे नान्या. तुला ताटली वाजवली तरी तोडीचीच वाटेल."

नानांनी त्या दसऱ्यालाच दोन्ही कानांना यंत्रे बसवली होती. किती महिने टाळून बसवली होती ते आम्हां सर्वांना ठाऊक होते. ते उठले, चपला घातल्या, वहिनींना "येतो" म्हणाले आणि गेले. पुढचा रविवार आला, नाना आले नाहीत. त्याच्या पुढचाही गेला. अण्णा म्हणत, "मी तर आता नवीन अल्बमचा कानाला खडाच लावलाय," आणि दारावरची बेल वाजली की मान वळवून बघत.

तिसऱ्या रविवारी वहिनींनी मला मध्यस्थीला धाडले. मराठीच्या प्राध्यापकाला घरात दुसरे काम नसते असा एक समज आहे.

नानांच्या हातात जुनी वही होती. राग ओसरला होता, पण दुखणे होते. "अरे, अण्णाला काय वाटतं, पूर्वीचा आवाज म्हणजे नुसता गळा होता?" ते म्हणाले. त्यांचा ध्वनिमुद्रक मिखाएल ट्रेटोव तेच सूर दुसऱ्यांदा मुद्रित करताना टेपचा वेग किंचित बदलून घेई. तो आणि आधीचा थर एकमेकांवर चढले की ती झळाळी येई. "म्हणजे तेही यंत्राचंच गाणं होतं की! आणि तेव्हा आपण ऐकत होतो तो टेपरेकॉर्डर काय देवाने दिला होता?"

मला यावर उत्तर सुचेना. मला आमच्या आजोबांची आठवण झाली. बालगंधर्व साठी उलटल्यावरही स्त्री-भूमिका करीत होते, त्या काळात आजोबा नाटकाला जात आणि डोळे मिटून बसत. त्यांचे धाकटे बंधू घरी तबकडी लावून बसत आणि आपण खरे गंधर्व ऐकले असे सांगत. आपल्या ख्यालगायकीत हा तंटा तितका होत नाही, कारण कालचा यमन आज कोणी जसाच्या तसा मागत नाही; म्हातारा गवई म्हातारा यमन गातो आणि आपण "वा" म्हणतो. तबकडीवरचा गळा मात्र वर्षानुवर्षे तिशीतच राहतो, आणि त्याच्या शेजारी खऱ्या माणसाला उभे केले की तो चोरासारखा दिसतो.

"कानाचं म्हणशील तर," नाना म्हणाले, "वयाबरोबर आधी वरचे सूर जातात. स, श, फ ऐकू येत नाहीत. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. वाद्यं यंत्रातून जरा पत्र्यासारखी वाजतात, हे अण्णाचं खरं आहे. ही यंत्रं बोलणं ऐकण्यासाठी केलेली. पण शब्द आले रे. नि एक गंमत सांगू? 'कीप ॲन आय ऑन डॅन' आहे ना, मोडलेल्या नवराबायकोचं, पोराला दुसऱ्याकडे सोडायला जातात ते? त्याच्या अगदी शेवटी बेनी पियानोवर काय वाजवतो ठाऊक आहे? 'एस ओ एस'चे सूर! १९७५ चे! अण्णाने ते गाणं निम्म्यावर बंद करवलं."

मी मनात चपापलो. पेपर तपासताना पहिले पान वाचून गुण ठरवायची खोड मलाही आहे.

घरी येऊन अण्णांना एवढेच सांगितले, की त्या गाण्याच्या शेवटी काहीतरी आहे असे नाना म्हणतात. अण्णा "असेल" म्हणाले. रात्री दहाच्या सुमारास दिवाणखान्यातून पियानो ऐकू आला. तोच तुकडा पुन्हा. मग पुन्हा, जरा मोठ्याने. वहिनी उठून गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, किती मोठा केलाय! शेजारी जागे होतील." अण्णा म्हणाले, "मोठा कुठे? मला तर नीट ऐकूसुद्धा येत नाहीये."

सोमवारी त्यांनी कोणाला न सांगता कानाची तपासणी करून घेतली. डाव्या कानातले वरचे सूर बरेच गेले होते. रविवारी सकाळी ते स्वतःच चकल्यांचा डबा घेऊन नानांकडे गेले. मी स्कूटरवर मागे बसलो होतो. दारातच म्हणाले, "नान्या, त्या दिवशी मी वेड्यासारखं बोललो." नाना म्हणाले, "आत ये. चहा टाकलाय." एवढ्यावर ते मिटले.

अल्बमवरचे मात्र मिटलेले नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर दहापैकी पाच गाणी मी पुन्हा लावतो, आणि नाताळच्या गाण्याशिवाय माझे चालते. लंडनला २०२२ च्या मे महिन्यात ॲबाचा खेळ सुरू झाला. त्यात ही चौघे स्वतः नाहीत. संगणकाने घडवलेल्या त्यांच्या तरुणपणच्या आकृत्या १९७९ च्या रूपात नाचतात-गातात, आणि वाद्ये वाजवायला तेवढी जिवंत माणसे. "हा बघ माझा ॲबा," अण्णा म्हणाले. "सुरकुती नाही, पट्टी खाली नाही." नाना म्हणाले, "आणि जीवही नाही." पुढचा अर्धा तास मी चकल्या खाल्ल्या.

डाव्या कानाच्या यंत्राबद्दल वहिनी दर दिवाळीला विचारतात. अण्णा म्हणतात, "पाडव्याला बघू."