आक्षेप एका 'शिवाय'ला

एखाद्याला दोन कला साधल्या की समीक्षक त्यांपैकी एकीला माजघरात घेतात आणि दुसरीला ओसरीवरच थांबवतात. अमेरिकन संगीतकार हँक पेनी (१९१८–१९९२) याच्या वाट्याला हेच आले. गायक, गीतकार, बँडचा म्होरक्या असे सगळे सांगून झाल्यावर 'शिवाय विनोदी नटही' अशी पुस्ती त्याच्या नावाला जोडली जाते. आमचा आक्षेप या 'शिवाय'ला आहे.

पेनीने आपले मानलेले 'वेस्टर्न स्विंग' हे संगीत मुळातच संकरातून जन्मलेले. १९३०च्या दशकात टेक्ससमध्ये मिल्टन ब्राउन आणि बॉब विल्स यांनी फिडलवरच्या ग्रामीण नाचगाण्यांना जॅझची लय आणि उत्स्फूर्त वादनाची मोकळीक दिली. पेनी टेक्ससचा नव्हे, अलाबामातील बर्मिंगहॅमचा. 'रेडिओ काउबॉइज' हा बँड उभारून त्याने हे संगीत आग्नेय अमेरिकेत नेले. १९३८मध्ये त्याची ध्वनिमुद्रणे सुरू झाली. पुढे तो सिनसिनाटीला आणि तेथून कॅलिफोर्नियाला गेला. त्याच्या एका रचनेचे नावच 'हिलबिली बीबॉप' आहे. खेडवळांना हिणवणाऱ्या शब्दाशेजारी त्याने त्या काळातले सर्वांत बिकट जॅझ बसवले. ही जुळणी ज्याला सुचते त्याचा विनोद संगीताबाहेरचा कसा मानावा?

हाच पेनी स्पेड कूलीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात भोळ्याभाबड्या गावकऱ्याचे सोंग घेऊन उभा राही. या सोंगाने शहरी प्रेक्षकाचा खेडुतांविषयीचा पूर्वग्रह कुरवाळला, असे कोणी म्हणेल. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु प्रेक्षक ज्याला अडाणी समजून हसत होते, तो लयीचा किती पक्का जाणकार होता हे त्याच्या ध्वनिमुद्रिका सांगतात. विनोदातही नेमक्या क्षणी थांबणे आणि नेमक्या क्षणी उचल घेणे हेच तर असते.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे त्याचे 'ब्लडशॉट आइज' हे गीत. प्रेयसीचे डोळे हा आपल्या परिचयाचा काव्यविषय: कधी कमळाचे, कधी हरिणीचे. पेनीच्या गीतातले डोळे मात्र रात्रभरच्या चैनीने लालबुंद झालेले. आणि त्यांना भुलण्याऐवजी प्रियकर त्यांची टर उडवून तिला वाटेला लावतो. नेत्रवर्णनाचा संकेत येथे उलटा केला आहे, आणि त्या उलटण्यातच फसवले गेल्याचे दुःखही दडले आहे. हसू काढून घेतले तर दुःखही उरणार नाही.

१९५०मध्ये हे गीत अमेरिकेच्या कंट्री यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीय गायक वायनोनी हॅरिस याने ते गायले आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत तेही गाजले. दोन्ही ध्वनिमुद्रिका सिनसिनाटीच्या 'किंग' कंपनीच्या. संगीताच्या बाजारपेठाही वर्णानुसार विभागलेल्या त्या काळात ही भिंत ओलांडून गेले ते एक विनोदी गीत, हे आम्हांस योगायोगाचे वाटत नाही. फसलेल्या माणसाचा तिरकस हुंकार दोन्हीकडच्या श्रोत्यांना सारखाच ओळखीचा होता.

पुढे लास व्हेगासमध्ये पेनीच्या बँडमध्ये तरुण रॉय क्लार्क गिटार वाजवीत असे. हाच क्लार्क १९६९पासून 'ही हॉ' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा सहनिवेदक म्हणून घरोघरी पोहोचला. तोही वादक, तोही विनोदकार. म्हणजे ज्याला आपण दोन वेगळे व्यवसाय म्हणतो, ती मंचावर एकच परंपरा होती.

साहित्याच्या वर्गातही विनोद बहुधा अभ्यासक्रमाच्या शेवटच्या घटकात, वेळ उरल्यास, शिकवला जातो. पेनीची कारकीर्द अभ्यासताना आम्हांस प्रश्न पडतो तो एवढाच: हसवणाऱ्याची कारागिरी तपासण्याआधीच आपण त्याला दुय्यम का ठरवतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी तो 'शिवाय' खोडावा लागेल.