पावती मागायला लाजायचं कशाला?

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. नात्यातल्या एका साखरपुड्याला आम्ही गेलो होतो. जेवणं उरकली, पानसुपारी सुरू झाली आणि पुरुषांच्या गप्पा नेहमीप्रमाणे सरकारवर आल्या. ह्यांचे एक मामा नोकरीतून निवृत्त झालेले, आवाज मोठा. ते म्हणाले, "आम्ही घाम गाळून कर भरायचा आणि सरकारनं तो बायकांच्या खात्यात दीड-दीड हजार करून वाटायचा! करदात्याला ह्या देशात कुणी वाली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकांनीसुद्धा!

तिथेच ताटं उचलायला आमच्या मावशी होत्या. मावशी म्हणजे आमच्याकडे बारा वर्षं धुणंभांडी करणाऱ्या. २०२४ साली सुरू झालेल्या 'लाडकी बहीण' योजनेचे पैसे त्यांच्या खात्यात आले होते. मामांचं बोलणं ऐकून त्यांनी मान खाली घातली आणि ताटांचा ढीग उचलून आत निघून गेल्या. मी काहीच बोलले नाही. दुसऱ्याच्या घरचा कार्यक्रम, त्यातून मामा वडीलधारे. पण घरी येईपर्यंत एकच विचार डोक्यात घोळत होता. करदाता म्हणजे नेमका कोण? फक्त मामा? की मावशीही?

दुसऱ्या दिवशी दुपारची कामं आवरली आणि वही-पेन घेऊन बसले. बी. ए.ला माझा विषय मराठी, अर्थशास्त्राशी संबंध नाही. पण घरखर्चाची वही वीस वर्षं लिहितेय, तेवढं गणित येतं. म्हटलं, मावशी सरकारला किती कर देतात ते तर पाहू.

सुरुवात मोबाईलपासून केली. मावशींचा रिचार्ज २९९ रुपयांचा. त्यावर जीएसटी १८ टक्के, तोही त्या रकमेतच धरलेला. म्हणजे २९९ मधले साधारण ४५ रुपये कराचे. अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज वर्षात तेरा वेळा मारावा लागतो. झाले की नाही सहाशेच्या आसपास? नुसत्या मोबाईलचे! मग अंगाचा साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल, नातवाचा बिस्किटाचा पुडा. ह्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के कर होता. त्या दिवसापासून तो ५ टक्क्यांवर आला, म्हणजे कमी झाला, पण संपला नाही. पिठाची पाकीटबंद पिशवी घेतली तर १८ जुलै २०२२ पासून तिच्यावरही ५ टक्के. शिवाय मुलाच्या गाडीत पेट्रोल घातलं की केंद्राचा कर वेगळा, राज्याचा वेगळा.

आता मामांकडे वळू. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत वर्षाला १२ लाखांपर्यंत पेन्शन असेल, तर आयकर शून्य. म्हणजे मामा आयकराचा एक रुपयाही भरत नसतील, असंही असू शकतं. आणि मावशी? त्या रोज भरतात. सकाळी तोंड धुतल्यापासून भरतात. फक्त त्यांना ते कुणी सांगितलेलं नाही.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणी अजूनही म्हणतात, "आम्ही कुठं कमावतो? टॅक्स हे भरतात." चूक आहे हे! कमावणाऱ्यावर एक कर, पण खर्च करणाऱ्यावर दहा कर. आणि घरातला खर्च कुणाच्या हातून होतो? आपल्याच ना?

हिशेब करताना मात्र एक गंमत झाली. गंमत कसली, लाज वाटली. माझ्या स्वतःच्या घरात किती कर जातो ते काढावं म्हणून बिलांची पिशवी उघडली. आत काय निघालं? किराण्याची कच्ची चिठ्ठी, कापडाच्या दुकानातला आकडे लिहिलेला कार्डाचा तुकडा, औषधांची दोन बिलं. बाकी काही नाही. मी महिला मंडळात ग्राहक हक्कांवर भाषणं देणारी बाई! आणि माझ्याच घरात पक्कं बिल नाही.

त्यावरून जुनी जखम उघडी पडली. तीन वर्षांपूर्वी मी मिक्सर घेतला. दुकानदार ओळखीचे. म्हणाले, "वहिनी, बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा लागेल. घरचंच दुकान समजा, बिलाचं काय एवढं?" चार पैसे वाचतील म्हणून मीही गप्प बसले. चौथ्या महिन्यात चटणी वाटता वाटता मिक्सरमधून धूर निघाला. घेऊन गेले, तर तेच दुकानदार म्हणतात, "हा आमच्याकडूनच घेतलाय कशावरून?" कशावरून! माझ्याकडे उत्तर नव्हतं. वॉरंटी कार्डावर शिक्का नव्हता, हातात पावती नव्हती. दुरुस्तीला पदरचे पैसे गेले. घरी सगळे हसले ते वेगळंच.

आता सांगते, त्या वेळी मला काय माहीत असायला हवं होतं. पाकिटावर किंवा खोक्यावर जी कमाल किंमत छापलेली असते, ती सर्व करांसहित असते. त्याच्यावर एक पैसाही जास्त घेता येत नाही, मग तो जीएसटीच्या नावानं असो की थंड पाण्याच्या बाटलीवर 'कूलिंग'च्या नावानं. जादा घेतला तर वजनमापे खात्याकडे तक्रार करता येते. वर्षाला ४० लाखांपर्यंत मालविक्री करणाऱ्या छोट्या दुकानदाराला सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. आणि ज्याची नोंदणीच नाही, तो गिऱ्हाईकाकडून जीएसटी मागूच शकत नाही. म्हणजे "बिल हवं तर कर वेगळा" ह्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की आपली खरेदी त्याला दाखवायची नाही. तसं झालं तर कर सरकारजमा होत नाही आणि आपल्या हातात पुरावाही राहत नाही. नुकसान दोन्हीकडून आपलंच!

२०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. बिल किंवा पावती न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हेही त्यातच येतं. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरतात. तेव्हा 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी वाचून घाबरू नका. माल खराब निघाला तर ती पाटी चालत नाही.

तक्रार कुठे करायची? १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फ्रीजवर लिहून ठेवा, मराठीतही बोलता येतं. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. खरेदी मुंबईची का असेना, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला किंवा सेवेला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जायला हवं.

पण इथे सगळं गोडगोड सांगून भागणार नाही. कायदा म्हणतो, मालाची तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करा. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. आयोगांवर अध्यक्ष आणि सदस्यच नेमलेले नसतात! ह्या रिकाम्या जागांची दखल २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. दुकानदार फसवतो तेव्हा आपण चिडतो, पण न्याय देणारी खुर्चीच रिकामी असेल तर तीही आपली फसवणूकच की. त्या खुर्चीचा पगार आपल्या साबण-बिस्किटाच्या करातूनच निघायचा असतो.

म्हणूनच मला वाटतं, पावती फक्त दुकानात मागायची नाही. सरकारी कचेरीतही मागायची.

मावशींच्या मुलीला शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. मावशी तीन वेळा जाऊन आल्या. प्रत्येक वेळी "कागद ठेवून जा, होईल" एवढंच उत्तर. प्रत्येक वेळी चार घरची कामं बुडाली आणि त्या दिवसाचे पैसे कापले गेले. चौथ्या वेळी मी बरोबर गेले. आधी भिंतीवर फलक शोधला. कपाटाच्या मागे अर्धा झाकला होता! कोणता दाखला किती दिवसांत मिळेल आणि कोण देईल, हे त्या फलकावर लिहिलेलं असावंच लागतं. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यानं ते बंधनकारक केलंय. मी खिडकीवरच्या मुलाला शांतपणे म्हटलं, "दादा, अर्ज रीतसर घ्या आणि तारीख घातलेली पोच द्या." त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा मावशींकडे पाहिलं आणि पोच दिली. पोचेवर दिलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी दाखला हातात पडला.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "वहिनी, कागद हातात असला की माणूस नीट बोलतो."

इतक्या वर्षांच्या माझ्या भाषणांपेक्षा हे एक वाक्य मोठं आहे! दर वेळी असंच घडतं असं नाही. मुदतीत काम झालं नाही, किंवा कारण न देता अर्ज फेटाळला, तर त्याच कायद्यात दोन अपिलं आहेत आणि तिसरं थेट राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. चूक करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ह्या सगळ्याची सुरुवात कुठून होते? पोचेपासून. पोच नसेल तर अर्ज दिलाच कशावरून? पुन्हा तेच, मिक्सरसारखं!

कुणी म्हणेल, ह्या बाईला भांडायची हौस आहे. नाही हो. भाजीवालीकडे, कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे मी पावती मागत नाही आणि तुम्हीही मागू नका. प्रामाणिक दुकानदारांबद्दल तर माझी तक्रारच नाही. उलट जो चोख बिल देतो, त्याचंच बिल न देणाऱ्यापुढे नुकसान होतं. आणि बायकांनी बाजारात आवाज उठवणं ह्या महाराष्ट्राला नवीन नाही. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो जणी हातात लाटणं घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढे १९८६ चा पहिला ग्राहक कायदा आला तेव्हा जिल्हा मंचाच्या दोन सदस्यांपैकी एक महिलाच असावी, अशी तरतूद त्यात होती. अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. सॅनिटरी नॅपकिनवर जीएसटी लागला होता १२ टक्के. बायका बोलल्या, बोलत राहिल्या आणि जुलै २०१८ मध्ये तो शून्य झाला. ज्या विषयाचं नाव काढायला आपण लाजत होतो, त्यावर बोललो म्हणून कर गेला. आणि साध्या पावतीला आपण अजून लाजतो?

मग मामांचं काय? त्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे. कराचा पैसा वाऱ्यावर सोडायचा नाही. 'लाडकी बहीण'चे पैसे सरकारी नोकरीतल्या काही बायकांनीही घेतल्याचं उघड झालं, ते मला मुळीच पटलं नाही. योजना चांगली की वाईट, निवडणुकीसाठी की गरजेसाठी, ह्यावर खुशाल वाद घालावा. पण तो वाद 'भरणारे आम्ही आणि घेणाऱ्या तुम्ही' असा मांडू नये. मावशींसारख्या बाईला जे मिळतं, त्यात तिनं स्वतः भरलेलाही पैसा आहे. आणि हाच पैसा रस्त्यात, नळयोजनेत, शाळेच्या गळक्या छपरात कुठे गेला, हे विचारायचा हक्क तिलाही मामांइतकाच आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तर तेही लागत नाहीत.

आता एक कबुली. त्या साखरपुड्यात मी गप्प बसले, ते मला अजून टोचतंय. मावशींच्या बाजूनं दोन वाक्यं बोलले असते तर काही बिघडलं नसतं. म्हणून घरी आल्यावर जो हिशेब मांडला, तो एका कागदावर नीट उतरवून मावशींना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला, थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "म्हंजी मी फुकटचं खात नाय."

पुढच्या वेळी दुकानात बिल मागताना जीभ अडखळली, तर हे वाक्य आठवा. बिल घ्या, पोच घ्या, जपून ठेवा. आणि घरात कुणी म्हणालंच, "कर आम्ही भरतो," तर हसून बिलांची पिशवी त्यांच्यापुढे ठेवा!